चाबी देईल त्याची घडी

फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरच्या माझ्या बियाण्यांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. पालकाचं बी उगवलं नाही म्हणून तो माझ्या अंगावर आला होता आणि मीही काही ऐकून घेणाऱ्यातला नाही. मोबाइलवर ताईचं नाव दिसलं. मी तो पालथा घातला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजला... शेवटी चिडून कानाला लावला, तर ताई अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "दिनू, तुहे भाऊजी उठून नाई राह्यले. मेथी कापाले बसले होते, तसेच कलंडले. तू ये बापा लवकर." त्या 'बापा'वरूनच मला कळलं. एरवी ताई मला गाढवाशिवाय दुसरी हाक मारत नाही.

भाऊजी म्हणजे वसंतराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आसेगावच्या रस्त्याला त्यांची भाजीची वाडी आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टमाटे, उन्हाळ्यात काकडी. मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. स्मशानातून परतल्यावर कडुलिंबाचा पाला चावून, पाय धुऊन आम्ही पुरुष मंडळी ओट्यावर बसलो. अशा वेळी कोणी काही बोलत नसतं. आणि त्या शांततेत मला बारीक टिकटिक ऐकू यायला लागली. एका घड्याळाची नाही, बऱ्याच घड्याळांची, एकात एक मिसळलेली. खिडकीत भाऊजींचा घड्याळांचा ट्रे होता. सकाळचा चहा झाल्यावर रोजच्यासारखी त्यांनी सगळ्यांना चाबी दिली होती आणि मग विळा घेऊन वाडीत गेले होते. माणूस जळून गेला होता आणि त्यानं सकाळी दिलेली चाबी अजून संपली नव्हती. मी एवढा बाप्या माणूस, तापट म्हणून बाजारात प्रसिद्ध, पण तिथं सगळ्यांसमोर हमसून हमसून रडलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती घड्याळं एकेक करून थांबत गेली. ताई आत बायकांमध्ये बसली होती. कोणी काही विचारलं नव्हतं, पण तिथून तिचा आवाज आला, "शेवटची बी थांबली."

आता घड्याळांबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय भाऊजी सांगताच येणार नाहीत. आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात, आणि घडीला किल्ली देत नाहीत, चाबी देतात. तर भाऊजींना घड्या जमवायचा नाद होता. त्यातही साध्यासुध्या नाही. गोल चालायची नाही, सेलवर चालणारी चालायची नाही. लांबट चौकोनी, चपटी, आत सगळी चाकं, आणि रोज हातानं चाबी द्यावी लागणारी. जुन्या काळी ज्याला कपड्यातली घडी म्हणायचे ती. म्हणजे वावरात नाही, कामावर नाही, इस्त्रीचा शर्ट घातला की मगच मनगटावर चढणारी. त्यांच्या ट्रेमधल्या एकीचे काटे निळे होते आणि उजेडात धरले की काळे दिसायचे. एकीच्या पोटात सेकंदाच्या काट्यासाठी वेगळा इवलासा चौकोन होता. एकीचे आकडे रोमन होते, आणि कोपऱ्यातले आकडे चौकटीत बसावेत म्हणून ओढून तिरपे केलेले. भाऊजी ते तिरपे आकडे मला भिंगाखाली दाखवायचे आणि विचारायचे, "पाह्य दिनू, गोलात समद्यायले सारखी जागा भेटते. चौकोनात कोपऱ्यातल्याले ताणा लागते. कोनं ताणलं असन हे? किती येळ बसला असन तो?" मी म्हणायचो, भाऊजी, कारखान्यात छापलं असेल. ते म्हणायचे, "छापाच्या आंदी कोनी तं काढलं असन ना बे."

त्यांचं हे असं होतं. दिवसभर मेथी उपटणारा माणूस, पहाटे उठायला कोंबडाही लागत नव्हता, घड्याळाची खरं तर काडीची गरज नाही. पण एखादी गोष्ट का केली, कोणी केली, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. आणि तुम्हाला चौकोनीच काहून आवडते, असं त्यांना कोणी विचारलं, की दर माणसाला वेगळं उत्तर. भाजीच्या हर्रासीतल्या, म्हणजे लिलावातल्या, दलालाला सांगितलं, वाफे चौकोनी असतात म्हणून. गावच्या मास्तरांना सांगितलं, गोल घडी पाहून वाटतं का वेळ फिरून येते, ते खोटं हाय म्हणून. मास्तर इतके खूश झाले, की त्यांनी ते शाळेच्या फळ्यावर लिहिलं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाई बे. आवडते. तुले भजे काहून आवडतात?"

त्यांची पहिली खरेदी म्हणजे आमच्या घरातली कायमची थट्टा. पोहरादेवीच्या यात्रेत एका गाड्यावर त्यांना सोनेरी चौकोनी घडी दिसली. विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं, अस्सल चाबीची आहे. भाऊजी घेऊन आले, आणि अख्खा हिवाळा रोज सकाळी ओट्यावर बसून तिला चाबी देत राहिले. घडी इतकी बरोबर चालायची, की रेडिओच्या बातम्या त्यांनी तिच्यावरून लावायला सुरुवात केली. सगळ्यांना दाखवायचे. "एक मिनिट मागं-पुढं नाई. अशी घडी आता बनत नाई." मग एक दिवस चाबी द्यायला विसरले, दुसऱ्या दिवशीही विसरले, तरी घडी आपली चालूच! भाऊजींना आधी वाटलं चमत्कार झाला, देवीच्या यात्रेतली घडी आहे. वाशिमच्या घडीसाजानं मागचं झाकण काढलं तर आत बटणाएवढा सेल. चाबी नुसती हवेत फिरत होती. ताई हसून हसून खाली बसली. "अख्खा हिवाळा हवेले चाबी दिली वो तुमी!" दुसरा कोणी असता तर त्यानं तो नाद तिथंच सोडून दिला असता. भाऊजींनी मात्र घडीसाजाला विचारलं, खरी असती तर आत काय दिसलं असतं? त्यानं एक उघडून दाखवली. भाऊजी ते चालतं चाक पाहत राहिले आणि मी दुकान उघडायला उशीर होतो म्हणून बाहेर गाडीवर बसून हॉर्न वाजवत राहिलो.

हो, गाडी माझी. भाऊजींना मोटारसायकल येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. कुठं घडी आहे असं कळलं की सकाळी फोन, "साळेबुवा, रिकामे हा का?" मी रिकामा कधीच नसायचो, आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं. मी तोंडानं कटकट करत जायचो. आता खरं सांगायचं तर मला त्या फेऱ्या आवडायच्या. मीही फार बारकाईनं ऐकत असायचो, फक्त तसं दाखवत नव्हतो.

फेऱ्या कशासाठी, तर ताईच्या एका नियमासाठी. सेलवाल्या फजितीनंतर भाऊजींनी घडीसाजाकडूनच एक खरी जुनी घडी आणली. ताईनं दारातच अडवलं. "कोनाची हाय?" भाऊजी म्हणाले, ठाऊक नाही. "तो मानूस जित्ता हाय का मेला?" तेही ठाऊक नाही. "मंग ते घरात नाई यायची. मेल्या मानसाची घडी हाताले बांधून फिरसान तं त्याचा काय येळ चालू हाय अन् तुमचा काय चालू हाय, कोनाले समजन?" आमच्याकडे ही समजूत जुनी आहे. भांडी चालतात, पलंग चालतो, पण अंगाला लागलेली वस्तू, त्यातही जी चालते-थांबते ती, परक्या मेलेल्या माणसाची नको. ती घडी रातभर गोठ्यात खुंटीला लटकली आणि सकाळी परत गेली. भाऊजी ताईशी भांडले नाहीत. त्यांनी त्या नियमातून आपला नियम काढला. घडी घ्यायची ती जित्त्या माणसाच्या हातून, त्याच्या घरी जाऊन, त्याचा चहा पिऊन. आणि घेण्याआधी एकच प्रश्न, "तुमी चौकोनी काहून घेतली होती?"

पुढं हातात मोठा मोबाइल आल्यावर त्यावर देशभरच्या घड्या दिसायला लागल्या. घड्याळवाल्यांच्या एका ग्रुपमध्येही ते शिरले होते. भाऊजी संध्याकाळी चष्मा लावून पाहायचे, पण मागवली एकही नाही. एकदा मी एक चकचकीत डायलवाली दाखवली तर म्हणाले, "हे पाणी मारलेली मेथी हाय. डायल नवीन रंगवली. जुन्या डायलवर येवढा उजाळा राह्यत नाई, अन् पाह्य, सेकंदाच्या चौकोनाची रेघ आकड्यावर चढली." बरं मग डाग पडलेली घ्या, म्हटलं मी. "घेतली असती. पण तिचा चहा कुठं प्यायचा?"

किती घरी चहा प्यायलो आम्ही! आसेगावात एक म्हातारे कंपाउंडर भेटले. त्यांनी चौकोनी काहून घेतली? तर सासऱ्यानं घड्याळ घ्यायला पाठवलं तेव्हा लग्नसराई होती, दुकानात ती एकच उरली होती. "अन् मंग मांडवात समदे पाहून राह्यले न बापा, नवरदेवाची घडी येगळीच! तवापासून मी बी मले येगळाच समजून राह्यलो." त्यांची बायको आतून ओरडली, "व्हय, तेवढंच येगळं होतं." धनजला एक निवृत्त नर्सबाई होत्या. पुरुषांची चौकोनी घडी त्यांनी स्वतःसाठी घेतली होती, कारण बायकांची घडी नखाएवढी, तिच्यात सेकंदाचा काटाच नाही, मग नाडी मोजायची कशी? आता त्यांचे हात थरथरत होते, चाबी चिमटीत धरवत नव्हती, म्हणून द्यायला निघाल्या होत्या. भाऊजींनी तिथल्या तिथं त्या घडीवर आपली नाडी मोजून पाहिली. त्या बाईंनी मग त्यांचा हात धरून पुन्हा मोजली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी चुकले. पुन्हा करा." परतताना गाडीवर मागं बसून भाऊजी सारखे म्हणत होते, "किती जनाची नाडी गेली असन रे हिच्याखालून." त्यांना घडीपेक्षा ते जास्त लाभलं होतं.

अशा आठ-नऊ घड्या जमल्या. ठेवायला त्यांनी काय घ्यावं? पपईच्या रोपांचा मोठ्या खणांचा ट्रे, तोही माझ्याच दुकानातला. चौकोनी खणात चौकोनी घडी अशी उभी बसायची, जणू त्यासाठीच केलाय. रोज सकाळी चहा झाला की ओट्यावर मांडीवर ट्रे घेऊन बसायचे. एकेक उचलायची, कानाला लावायची, दोन बोटांनी हळूहळू चाबी द्यायची, आणि ती घट्ट लागली की थांबून म्हणायचे, "भरली." मग पुढची. "भरली." आत स्वयंपाकघरात ताई तेवढ्या 'भरली'वर पोळ्या मोजायची, असं ती म्हणते.

आणि मग कारंज्याची घडी आली. आली म्हणजे दिसली. पट्टा शिवणाऱ्या एकानं सांगितलं, गफूर मास्तरांची पाहिली नसेल तर काहीच पाहिलं नाही. गफूर मास्तर म्हणजे कारंज्याचे शेरवानी शिवणारे टेलर. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी त्यांच्या पत्नी, हमीदाचाची. मी दारातच भाऊजींना म्हटलं, मालक तर मेलेत, ताईच्या नियमात बसत नाही, चला परत. ते म्हणाले, "पाह्याले काय जाते?" चाचीही तेच म्हणाली. "बेचने की नई है. लेकिन देखने का क्या, बैठो." शिलाई मशीनच्या खणातून तिनं ती काढली. मला घड्याळातलं फार कळत नाही, पण मीसुद्धा पुढं वाकून पाहू लागलो. पातळ, लांबट, मनगटावर बसावी म्हणून पाठीला किंचित बाक दिलेली. दुधावरच्या सायीच्या रंगाची डायल. सोन्याचं पाणी एका कडेचं तेवढं झिजलेलं, तिथून खालचं पांढरं दिसत होतं. आणि ती चालू होती.

भाऊजींनी आपला प्रश्न विचारला. चाची हसली. "मास्टर बोलते थे, गोल घडी कफ में अटकती है. मैं जिंदगीभर कफ सीता हूँ, मेरेकोच नई समझेगा क्या?" ती झिजलेली कड म्हणजे रोज कफ घासून झिजलेली. भाऊजींनी विचारलं, मग चालू कशी? चाची म्हणाली, मास्तर फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर चाबी द्यायचे. ते गेले त्या सकाळी दिलेली नव्हती, ती हिनं दिली. तेव्हापासून रोज देते. "रखी तो बंद पड़ जाती ना. मेरे बाद ले जाना. पोते तो मोबाइल में टाइम देखते." भाऊजींनी दोन्ही हातांनी घडी परत दिली.

घरी आल्यावर भाऊजी ओट्यावर बसले आणि ताईला म्हणाले, "घडी घालनाऱ्याची नसते. जो चाबी देईन त्याची घडी. मास्तर गेले, पण चाबी चाचीच्या हातची हाय, म्हणजे घडी चाचीची. अन् चाची जित्ती हाय." ताईनं पीठ मळता मळता ऐकून घेतलं. "वा! मानूस मेला का त्याची घडी मेल्याची. तुमी वकील झाले म्हणून नियम बदलते का?" झालं. त्या दिवसापासून हे दोघांचं भांडण जे लागलं ते भाऊजी जाईपर्यंत मिटलं नाही. म्हणजे रागाचं भांडण नाही. पण सणावाराला, पाहुण्यांसमोर, जेवताना, कुठूनही सुरू व्हायचं. भाऊजींना आयुष्यात दुसरी काही इच्छा आहे असं कधी दिसलं नाही. ती घडी घरात यावी, आणि ताईच्या मर्जीनं यावी. चोरून आणायची असती तर माझ्या दुकानातही ठेवता आली असती. मी एकदा तसं सुचवलं तर माझ्यावरच उखडले. "तुही ताई हो म्हणन तवा आणीन."

त्यांनी ट्रेमधल्या कोपऱ्याच्या एका खणात सरकीचा कापूस बसवून ठेवला, चाचीच्या घडीसाठी. ताई काय कमी आहे? ती रोज त्या खणात काहीबाही टाकून ठेवायची. सुपारी, बटण, लसणाची पाकळी. "रिकामी जागा कायले वाया घालता?" भाऊजी सकाळी चाबी द्यायच्या आधी ती सुपारी काढायचे, कापूस झटकायचे, सुपारी तोंडात टाकायचे आणि मग पहिली घडी उचलायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुपारी. कारंज्याच्या फेऱ्याही चालू होत्या. जाताना चाचीला सांबार, वांगी, पहिली काकडी. ईदला तिच्याकडून डब्यात शीरखुर्मा यायचा आणि तो मात्र ताई वाटी पुसून खायची. मी म्हणायचो, शीरखुर्मा चालतो, घडी नाही? "तू गप रे गाढवा." चाची थकत चालली होती. आम्हा सगळ्यांचा हिशेब असा, की ती आधी जाणार आणि मग घरात खरा तंटा लागणार. भाऊजी आधी जातील असा हिशेब कोणी केलाच नव्हता.

तेरवी झाली. पाहुणे गेले. ताईनं मला ओट्यावर बोलावलं आणि ट्रे पुढं सरकवला. "ह्या ने. कोनाले द्याच्या त्याले दे." मी म्हटलं, ताई, भाऊजींच्या आहेत. तिचे डोळे कोरडे होते, पण आवाज फाटला. "म्हणूनच नं! आता ह्या बी मेल्या मानसाच्या झाल्या. मीच दारात अडवत होती, अन् आता मीच ठेवू का? बंद पडल्या त्या दिसापासून मले खिडकीकडं पाह्यवत नाई." भाऊजींच्याच मोबाइलवरून मी त्या घड्याळवाल्यांच्या ग्रुपमध्ये फोटो टाकला. अमरावतीच्या एका तरुण इंजिनिअरनं लगेच विचारलं, सगळ्याच देता का? येत्या रविवारी येतो म्हणाला.

त्याआधी मी कारंज्याला गेलो. चाचीला कोणी कळवलं नव्हतं. मी एकटाच दारात दिसलो तसं तिनं माझ्या मागं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली बसली. तिथूनच म्हणाली, "मेरे से पहले कैसे चला गया रे वो?" मग उठली, मशीनचा खण उघडला आणि घडी माझ्यापुढं धरली. "ले जा. मेरे हाथ से दे रही हूँ, जिंदा हूँ अब्बी. तेरी बहन का नियम भी नई टूटता." म्हणजे आमच्या घरातलं भांडण हिला सगळं ठाऊक होतं! माझा हात पुढं झाला आणि थांबला. ज्या घरातून रविवारी सगळ्याच घड्या जाणार, त्या घरात ही कुठं नेऊ? मी म्हटलं, चाची, ताईला विचारून येतो. "पूछ," ती म्हणाली. "लेकिन जल्दी पूछ. मेरा क्या भरोसा."

ताईला विचारायचा माझा धीर झाला नाही. रविवार आला. पोरगा चांगला होता, उगाच वाईट कशाला म्हणू. ओट्यावर मांडी घालून बसला, मऊ कापडावर एकेक घडी ठेवली, भिंगातून पाहिली. धनजच्या नर्सबाईंची पाहून तर त्याच्या अंगावर काटा आला, असं म्हणाला. ताई दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "बापू, ह्यायले रोज चाबी देसान ना?" पोरगा कौतुकानं हसला. "नाही काकू. रोज चावी दिली की आतली चाकं झिजतात. मी नीट डब्यात जपून ठेवतो. थांबलेल्याच बऱ्या. शंभर वर्षं टिकतील." ताई दारातून पुढं आली. मग म्हणाली, "मंग तुमाले घड्या कायले पायजे?" तो समजावू लागला, जुनी कारागिरी, वारसा, जतन... ताईनं सगळं ऐकून घेतलं. खाली बसली, कापडावरची एकेक घडी उचलून ट्रेच्या खणात उभी केली आणि म्हणाली, "चहा घ्या बापू. कालवण बी तयार हाय, जेवूनच जा. पण घड्या नाई देत मी. आमच्या घरचे म्हणत, जो चाबी देईन त्याची घडी. तुमी देत नाई म्हणता. मंग त्या तुमच्या कशा होतीन?"

इतकी वर्षं जे वाक्य तिनं एकदाही मान्य केलं नव्हतं, ते ती एका परक्या पोरासमोर असं बोलून गेली. मी मान खाली घालून जेवलो. पोरगाही बिचारा दोन पोळ्या जास्त खाऊन, हात जोडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर जाण्याआधी मी तिकडं डोकावलो, तर ताई ओट्यावर मांडीवर ट्रे घेऊन बसलेली. "दिनू, किती फिरवाची रे हे?" मी म्हटलं, घट्ट लागेपर्यंत. पण तिला भीती, तुटली तर? म्हणून ती अर्ध्यातच थांबते. अर्धी चाबी दिली की घडी संध्याकाळपर्यंत धापा टाकायला लागते. मग ताई दिवेलागणीला पुन्हा ट्रे घेऊन बसते. भाऊजी एकदा द्यायचे, ती दोनदा देते. 'भरली' म्हणत नाही, कारण भरलेली नसते ना. नुसती कानाला लावून "हं" म्हणते.

परवा मी ओट्यावर बसून तिला एकदाचं सांगितलं, की चाची घडी देते म्हणाली, तिच्या हातानं, आत्ता. ताईचं चाबी देणं थांबलं नाही. "ते देते का रोज चाबी?" देते. "मंग देऊ दे. तिच्या हातची कायले सोडवतं? तिले म्हणा, निवांत राह्य. सांबार घेऊन जाय उद्या, अन् तिची तब्येत पाहून ये." मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. मी पान लावायला सुपारी काढली होती. अडकित्ता शोधायला उठलो आणि हातातली सुपारी सहज समोरच्या ट्रेमध्ये ठेवली, कोपऱ्यातल्या त्या कापसाच्या खणात.

ताईनं हातातली घडी खाली ठेवली. सुपारी काढून माझ्या अंगावर फेकली, दोन बोटांनी कापूस झटकला, पुन्हा नीट बसवला.

"गाढवा," ती म्हणाली, "तेथी चाचीची घडी यायची हाय, माईत नाई का तुले?"